पाचांतलं पाचवं

आकारामनं वही टेबलावर आपटली तशी दौत कलंडली आणि निळी शाई हजेरीपटावरून वाहत टेबलाच्या कडेपर्यंत आली. फक्रुद्दीन गुरुजींनी दौत सरळ केली. डबीतला खडूचा एक तुकडा उचलून त्यांनी शाईच्या ओघळात आडवा ठेवला. खडू शाई पिऊ लागला. चौथीच्या वर्गात चाललेले पाढे सोळा साते बारोत्तरशेपाशी थांबले.

"ह्यो तुमचा गृहपाठ न्हवं?" आकाराम म्हणाला. "ह्येच शिकवतासा पोरास्नी?"

वहीवर नाव होतं, शालन केरबा चौगुले. तिसऱ्या ओळीत शालन बसली होती. सकाळी ती वही न घेता आली होती आणि विचारल्यावर नुसतीच खाली बघत राहिली होती. आता काकाला बघून तिनं पाटीदप्तर मांडीवर ओढून घेतलं.

"बसा, आकाराम," गुरुजी म्हणाले.

"बसाय आलो न्हाई. काल घरात चार पावणं बसल्यालं. म्हातारीच्या अंगठ्याला शाई लावली. आता कागदावर टेकणार, तर ही पोरगी मधी आली. म्हंती, आज्जी, वाचल्याबिगर न्हाई. आन म्हातारी अंगठा वर धरून बसली! तासभर! पावणं चा पिऊन उठून गेलं, तरी अंगठा वरच."

मागच्या ओळीत कुणीतरी फिस्सकन हसलं. आकारामनं तिकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी विरलं.

गुरुजींची नजर फळ्याकडे गेली. शनिवारी लिहिलेलं त्यांनी अजून पुसलं नव्हतं. दर शनिवारी ते फळ्यावर पाच कामं लिहीत. पाचांतलं एक करायचं, आपल्या आवडीचं. या वेळी पहिलं होतं घर ते शाळा या वाटेचा नकाशा काढणं. दुसरं, मातीचं एखादं जनावर करून आणणं. तिसरं, घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून एक कोडं विचारून लिहिणं. चौथं, एका झाडाखाली बसून दिसलेले पक्षी लिहून काढणं. आणि पाचवं: शाळेत शिकलेली एक गोष्ट घरच्या मोठ्या माणसाला शिकवा आणि काय झालं ते लिहा. सदतीस पोरांतल्या वीस-बावीस जणांनी मातीची जनावरं आणली होती. खिडकीत म्हशींची रांग लागली होती. पाचवं एकट्या शालननं निवडलं होतं.

तिनं काय शिकवलं असणार हे त्यांना वही न उघडताच कळलं. या वर्गात गृहपाठ आधी जोडीदारानं तपासायचा. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत मोठ्यानं वाचायचा आणि मगच खाली सही करायची. त्यानंतर गुरुजींची सही. न वाचता सही केलेली सापडली तर सगळा वर्ग ओरडे, "वाचल्याशिवाय सही नाही!" पोरांना या ओरडण्यातच सगळी मजा वाटे.

"कागद कसला होता?" गुरुजींनी विचारलं.

"लायटीच्या मीटरचा अर्ज."

"मग वाचून दाखवायचा. मीटरचा अर्ज वाचायला केवढा वेळ लागतो?"

"माज्या आयला मी वाचून दावू? तिचा ल्योक हाय मी, का कोन वाटंवरचा?"

आवाज ऐकून हेडमास्तर गणपतराव चष्मा पुसत आले. आकाराम गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी होता आणि गळक्या वर्गासाठी पत्रे द्यायचं संस्थेनं कबूल केलं होतं. गणपतरावांनी आधी आकारामला नमस्कार केला, मग हजेरीपटावरची शाई पाहिली आणि शेवटी फळा.

"मी तुम्हाला किती वेळा सांगितलं, गुरुजी? गृहपाठ म्हणजे दहा ओळी शुद्धलेखन आणि पाढे. पोरांनी निवडायचं म्हणजे काय? उद्या म्हणतील, आम्हाला शाळाच नको, गोट्या निवडल्या."

"चौथीची परीक्षा झाली की आकडे बघा, सर."

"आकडे राहू देत. गावात भांडणं लागली की संस्था पत्रे देते होय? पुसा तो फळा."

गुरुजी जागचे हलले नाहीत. मग गणपतरावांनी स्वतःच फडकं उचललं आणि पाचव्या ओळीवरून जोरात फिरवलं. वाटेचा नकाशा राहिला, पक्षी राहिले; पाचव्या कामाच्या जागी पांढरा पट्टा उमटला. गुरुजींच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आठ वर्षांपूर्वी त्यांनी छडी कपाटामागं टाकली होती आणि पुन्हा कधी काढली नव्हती. आज हात आपोआप त्या बाजूला गेला. त्यांनी तो टेबलाच्या कडेवर आणून घट्ट दाबून धरला.

"आन दुसरं," आकाराम म्हणाला, "हिचा दाखला काडा. बास झाली शाळा. घरात चार जनावरं हाईत, शेणघाण कराय कोन तरी पायजेच."

शालनच्या मांडीवरचं दप्तर खाली पडलं.

"दाखल्यावर बापाची सही लागते," गुरुजी म्हणाले. आवाज त्यांना स्वतःलाही अनोळखी वाटला. "केरबाला इचलकरंजीहून येऊ दे. तो यंत्रमागावर राबतो, तुझ्या दावणीला नाही बांधलेला. त्याची पोरगी शेणात घालायची की शाळेत ठेवायची, ते तो सांगेल. आणि तुझ्या मीटरच्या कागदात काय आहे तेही त्यालाच वाचून दाखव. आईला फसवायला निघालास आणि वर शाळेत येऊन दौती सांडतोस?"

आजवर वर्गानं गुरुजींना 'अरे-तुरे'वर आलेलं पाहिलं नव्हतं. गणपतराव "गुरुजी, गुरुजी" म्हणत राहिले.

आकारामचा चेहरा लाल झाला, पण तो ओरडला नाही. टोपी काढून त्यानं पुन्हा नीट बसवली.

"फसवाय?" तो म्हणाला. "गुर्जी, मी तुमच्याच हाताखाली चौथी झालोय. तवा तुमी छडीनं पाडं म्हनून घेत हुतासा. असलं निवडा-बिवडा काय नव्हतं आमच्या वक्ताला. पर तुमी सांगिटल्यालं आमी खरं मानत हुतो." त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. घडी न मोडता शेवटच्या पानाचा तळ गुरुजींसमोर धरला. "ही सही कुनाची?"

साक्षीदार नंबर दोन. त्याखाली वळणदार, दर अक्षर सुटं: फक्रुद्दीन बाबाजी मुल्लाणी.

"शुक्रवारी तुमी नमाज करून येत हुतासा. सायकलीच्या शिटवर कागद ठिवला. मी म्हनलं मीटरचा अर्ज, तुमी म्हनलासा, 'आन, कुठं करू सही?' तुमाला न्हाई लागलं वाचाय. मग माज्या आयलाच कशाला लागतंय?"

गुरुजींना सगळं आठवलं. गावात कुणाचाही कागद असो, रेशनकार्डाचा, बैल विकल्याचा, सोयरिकीचा, साक्षीला गुरुजींची सही हवीच असे. एक पाय पेडलवर ठेवून ते सही करत आणि पुढं जात. शुक्रवारी त्या घडीतून स्टॅम्पची तांबूस कडा बाहेर आली होती. ती त्यांनी पाहिली होती. पाहिली, आणि कुणाला तरी घाई आहे म्हणून पेनाचं टोपण काढलं होतं.

वर्गातलं एकही पोर ओरडलं नाही. सदतीस पोरं नुसती बघत होती.

गुरुजींनी हात पुढं करून कागदाचं टोक पकडलं. दुसरं टोक आकारामच्या हातात होतं.

"सोड."

"न्हाई."

"माझी सही आहे यावर. मला वाचू दे."

आणखी ओढला असता तर कागद फाटला असता. स्टॅम्प वाया गेला असता. आकारामनं हात सोडला. गुरुजींनी घडी उलगडली, पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या आणि खुर्चीची पाठ धरली.

"शालन, इकडं ये. हे वाच. मोठ्यानं."

"पोरीला काय कळतंय त्यातलं!" आकाराम पुढं सरकला, पण वाटेत गणपतराव उभे होते आणि या वेळी ते बाजूला झाले नाहीत. चष्मा आता त्यांच्या डोळ्यांवर होता.

शालन बोट ठेवून वाचू लागली. जोडाक्षरापाशी थांबत होती, पुन्हा मागं येत होती.

"बक्षीसपत्र. लिहून देणार, धोंडुबाई... लिहून घेणार, आकाराम... मौजे उचगाव येथील, हायवेलगतची, माझे माहेरकडून मला मिळालेली सहा गुंठे जमीन... मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, लिहून घेणार यांस कायम मालकी हक्काने देत आहे. माझ्या इतर कोणाही वा... वारसाचा त्यावर हक्क राहिलेला नाही." ती थांबली. "वारस म्हंजे कोन, गुर्जी?"

"तुझे बाबा. त्यांच्यामागं तू."

शालननं पान उलटून पाहिलं, पुन्हा पालथं केलं.

"ह्यात बाबांचं नावच न्हाई," ती म्हणाली. "आन मीटर बी न्हाई."

"झालं वाचून?"

आवाज दारातून आला. धोंडुबाई व्हरांड्याच्या पायरीवरून उठून चौकटीला धरून उभी होती. लेकाच्या मागोमाग ती केव्हा आली आणि किती वेळ बसली होती, कुणालाच कळलं नव्हतं. चौकट धरलेल्या हाताचा अंगठा अजून निळा होता.

"आये, तू घरला जा."

"जाती की. शेरडं सोडायची हाईत." ती आकारामकडे बघत राहिली. "भाड्या, तोंडानं मागिटली असतीस तर दिली न्हसती व्हय तुजी वाटणी?"

"मागिटली की! तीन वर्सं मागतोय. गॅरेज काढतो म्हनलं, कर्ज काढतो म्हनलं. थोरला इचारतो, थोरला यिऊ दे, थोरला काय म्हंतो! थोरला पंद्रा दिसानं यतोय आन तुज्या उशाला बसतोय. शेण कोन काढतंय? तुला दवाखान्यात कोन न्हेतंय?"

त्याचा आवाज चिरकला. पोरांसमोर तो चिरकला म्हणून तो आणखीच संतापला. त्यानं हात पुढं केला. "आना माजा कागद."

गुरुजींनी कागद टेबलावर पसरला. दौतीत टाक बुडवला. आपल्या नावावरून एक आडवी रेघ ओढली आणि तिच्याखाली सावकाश लिहिलं: न वाचता केलेली सही. रद्द. मग खाली तारीख घातली. शाई वाळेपर्यंत सगळे उभे होते. खडू आता पुरता निळा झाला होता.

आकारामनं कागद घेतला, चुरगाळला आणि दाराबाहेर पडताना आईला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून गेला.

धोंडुबाई गुरुजींकडे वळली. तिनं अंगठा पदराला घासला, निघत नाही असं पाहिलं, आणि गेली.

"पाढे," गणपतराव वर्गाला म्हणाले. मग जरा थांबून, गुरुजींना ऐकू जाईल एवढ्याच आवाजात, "फळ्यावर काय ते पुन्हा लिहून घ्या." आणि तेही गेले.

सोळा साते बारोत्तरशे, थांबले होते तिथूनच. सोळा आठे अठ्ठावीसोत्तरशे.

शाळा सुटल्यावर गुरुजी वर्गातच बसून राहिले. वह्यांचा गठ्ठा समोर होता. त्यांनी शालनची वही सर्वांत शेवटी ठेवली आणि शेवटी तीच हातात उरली. पुठ्ठ्यावर आकारामच्या मुठीची घडी पडली होती.

*गृहपाठ पाचवा. मी आज्जीला आमच्या वर्गाचा नियम शिकवला. वाचल्याशिवाय सही नाही. आज्जी म्हणाली मला सही येत नाही. मी म्हणाले अंगठा पण सहीच असतो. आज्जी म्हणाली कागदावर तुझ्या गुरुजींची सही आहे, मग भिण्याचं काय कारण. मी म्हणाले आमचे गुरुजी वाचल्याशिवाय सही करत नाहीत, म्हणजे कागद चांगलाच असणार, तरी पण नियम आहे म्हणून वाचून घे. मग आज्जीने अंगठा वर धरला. काका रागावले. आज्जीला नियम एकदा सांगून कळला.*

खाली जोडीदाराची सही नव्हती. तपासणीच्या वेळी वही काकाकडेच होती. त्याच्याखाली गुरुजींच्या सहीची जागा शालननं पट्टीनं आखून ठेवली होती.

मंगळवारी सकाळी केरबा पहिल्या एसटीनं आला. चौगुल्यांच्या घरातून दुपारपर्यंत दोघा भावांचे आवाज शाळेच्या पटांगणापर्यंत येत होते. शालन मात्र वेळेवर वर्गात हजर होती. वह्या वाटून झाल्या तरी तिची आली नाही, तेव्हा ती टेबलाशी आली. वही तिथंच उघडी होती. तिनं गुरुजींची नजर कुठल्या ओळीवर आहे ते पाहिलं.

"त्ये मी रविवारी लिवलतं, गुर्जी," ती हळूच म्हणाली. "खोडू का?"

"नको."

ती उभीच राहिली. चौकोनाच्या कोऱ्या जागेवर तिनं बोट ठेवलं.

"मग सही न्हाई केलासा?"

गुरुजींनी टाक पुसून दौतीशेजारी ठेवला.

"अजून वाचतोय," ते म्हणाले.