बाई चुकल्या तिथं

साहेब, कार्यक्रमाच्या रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही गाणाऱ्या बाईंचा आवाज दुरुस्त करून घेतलात आणि माझ्या बहिणीचं व्हायोलिन तसंच ठेवलंत. वर तेच रेकॉर्डिंग तिला ऐकवून म्हणालात, बघा, तुमचा सूर कुठे चाललाय.

मी तेव्हा सभागृहाच्या वरच्या तुमच्या खोलीत होतो. ताईचे पाय सुजलेले, म्हणून तिला जिना चढवून मीच वर आणलं होतं. मला कुणी बाहेर जा म्हटलं नाही, कारण खोलीत आणखी एक माणूस उभा आहे हे तुमच्या गावीही नव्हतं. तुम्ही बटण दाबलंत. दुसऱ्या कडव्यात बाईंचा आवाज जिथे उतरायचा तिथे अलगद उतरला आणि त्याच्या बुडाशी ताईचं व्हायोलिन भलत्याच सुरावर. दुधात मिठाचा खडा. तुम्ही पुन्हा लावलंत. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, गाड्या लावायचं पटांगण आहे तिथे.

"वय होतं माणसाचं," तुम्ही म्हणालात. "पुढच्या हंगामाला आम्ही दुसरं कुणीतरी बघतो."

ताई फक्त "बरं" म्हणाली. आयुष्यभर ती तुमच्या सभागृहात, गाणाऱ्याच्या डाव्या हाताला, दिव्याच्या उजेडाबाहेर बसली. ती खुर्ची एका "बरं"मध्ये गेली.

आता खरं काय झालं ते ऐका. तुम्हाला माहीत आहे, तरी ऐका.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी मी मागच्या रांगेत होतो. बाईंचा घसा बसला होता. दुसऱ्या कडव्यात त्या घसरल्या. अशा वेळी साथ करणाऱ्यापुढे दोन वाटा असतात. आपण बरोबर सूर धरून बसायचं, म्हणजे गाणारी उघडी पडते. नाहीतर तिच्याबरोबर खाली उतरायचं. ताई उतरली. ओळ फिरून आली तेव्हा तिने तोच चुकीचा सूर मुद्दाम, ठासून लावला आणि बाईंनीही तो झेलला. एकदा चुकली तर चूक, दोनदा चुकली तर जागा. गवई ज्याला जागा म्हणतात, ऐकणाऱ्याची मान डोलते ती. मान डोलली. पहिल्या रांगेत तुमचीसुद्धा डोलली, मी पाहिली.

मग बाई गुपचूप स्टुडिओत जाऊन तेवढ्या ओळी नव्याने गाऊन आल्या. हे तुमच्याच रेकॉर्डिंगवाल्याने मला जिन्यात सांगितलं आणि सांगून झाल्यावर त्याचा चेहरा उतरला. व्हायोलिन मात्र बदललं नाहीत. ताईला बोलवायचं तर का बोलावलं ते सांगावं लागलं असतं. त्यापेक्षा खापर तिच्या डोक्यावर फोडणं सोपं.

ताई काही देवी नाही. फटकळ आहे, शेजारणीशी तिचं वर्षानुवर्षं वाकडं आहे, भावोजींना ती चारचौघांत "आमचं बेसूर" म्हणते. पण मी जे काही लिहायला शिकलो ते तिच्या रियाजाच्या खोलीत. माझी शाळा अर्ध्यात सुटली. मी नळ दुरुस्त करतो आणि कथा लिहितो. पहिली कथा तिला वाचून दाखवली तेव्हा ती व्हायोलिनच्या गजाला राळ घासत ऐकत होती. म्हणाली, "वाद्य लावायचं ते पडद्यामागे. तुझं पानभर नुसतं लावणंच चाललंय. लोक ताटकळलेत, बाबा." वाचताना एका वाक्याला अडलो, माफी मागितली, तर खेकसली. मी चुकते तेव्हा हात थांबवते का, असं तिचं म्हणणं. तू थांबलास म्हणून कळलं, नाहीतर कुणाच्या बापाला कळणार होतं.

एका दारुड्या मुकादमावर लिहिलं होतं. त्याची टर उडवली होती आणि मनात खूश होतो. ताईने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "हा बिचारा चुकतोय आणि तू बाजूला बसून बरोबर सुरात वाजवतोयस. उतर की त्याच्याबरोबर."

त्या दिवशी मला लिहिता येऊ लागलं.

घरी आल्यावर मी तिच्यामागे लागलो, की बोल, सगळ्यांना सांग. भावोजींनी तुमचं नाव घेऊन एक शिवी हासडली आणि चहा ठेवला. ताई खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती.

"काय सांगू? बाई चुकल्या म्हणून?"

"चुकल्याच ना."

"त्या चुकल्या हे कुणाला कळू नये म्हणून तर मी वाजवलं. आता मीच बोंब मारू?"

"त्या बाईने तुझ्यासाठी तोंड उघडलं का?"

"ते तिचं तिने बघावं."

मी चिडलो. म्हणालो, तुला पायपुसणं केलंय त्यांनी. व्हायोलिनची पेटी आता माळ्यावर आहे. तिला स्टुलावर चढवत नाही, म्हणून भावोजींनी ठेवली. ती खालून सांगत होती, आडवी नको, उभी ठेवा, भिंतीला टेकवू नका.

हे मी लिहितोय ते तिला विचारून नाही. छापून आल्यावर ती माझ्याशी बोलणार नाही, शेजारणीसारखं माझंही करेल. करू दे. बाईंना वाचवणं तिचं काम होतं, ते तिने केलं. तुम्हाला वाचवायचं काम तिने घेतलेलं नाही, आणि मी तर नाहीच नाही.

त्या संध्याकाळचं मूळ रेकॉर्डिंग, बाईंच्या घसरलेल्या आवाजासकट, तुमच्या कपाटात आहे की पुसून टाकलंत? वय, हंगाम, सभागृहाची परंपरा, यातलं काही ऐकवू नका. आहे की पुसलंत, एवढंच सांगा.