रस्ता घसरला, मी नाही

हे कोणाला खरं वाटणार नाही. माझ्या मुलीलाही वाटलं नाही, आणि ती तर माझ्या गोष्टी ऐकतच लहानाची मोठी झाली. तरी लिहितो, कारण गेल्या बुधवारी आमच्या टेकडीवर जे झालं ते अमेरिकेच्या उत्तर टोकाच्या आमच्या अख्ख्या किविनॉ भागात आजवर कोणाच्या ट्रॅक्टरच्या बाबतीत झालेलं नाही. शनिवारी सॉना झाल्यावर मी ते जसं सांगितलं तसंच इथे उतरवतो. माझ्या पदरचा एक शब्द घालणार नाही.

शनिवारचा सॉना माझ्याकडे असतो. आधी बायका वाफ घेतात, मग पुरुष, आणि मग बाहेरच्या खोलीत सगळ्यांची कॉफी आणि वेलचीचा गोड पाव. बायका म्हणजे माझी मुलगी मार्लीन आणि टेकडीच्या माथ्यावर एकटी राहणारी इंपी लाहती. इंपीचं वय अठ्ठ्याऐंशी, डावा कान बंद, उजवा तिच्या मर्जीप्रमाणे. पुरुष म्हणजे मी आणि शेजारचा रूडी. चार माणसं, एक शेगडी, एक बाक.

त्या दिवशी मंडळी आली तेव्हा सगळ्यांचे कोट मी स्वतः हातात घेतले आणि दारामागच्या मोठ्या खिळ्यावर एकावर एक टांगले. सगळ्यात आधी इंपीचा फिकट पिवळा, मग मार्लीनचा, वर रूडीचा.

"आज काय, हॉटेल उघडलंस का सुलो?" रूडी म्हणाला. "चाळीस वर्षं येतोय, माझा कोट कधी धरला नव्हतास."

"म्हटलं आता तरी माणसात यावं."

मार्लीनने खिशातून ट्रॅक्टरची चावी काढली आणि टेबलावर आपल्या कपाशेजारी ठेवली. बुधवारपासून ती तिच्याकडेच होती.

चावीचं थोडं सांगायला हवं. गेल्या हिवाळ्यात माझा ट्रॅक्टर उतारावर जरासा घसरला आणि रूडीची टपालपेटी आडवी झाली. कोणाला खरचटलंही नाही. पण मार्लीनने मला सॉनाच्या शेगडीवरच्या दगडांवर हात ठेवायला लावून वदवून घेतलं, की मागच्या चाकांना बर्फात पकड देणाऱ्या साखळ्या लावल्याशिवाय टेकडीवर ट्रॅक्टर नेणार नाही. दगड तेव्हा गार होते, पण शपथ ती शपथ. आणि आता बुधवारी दुपारी तोच ट्रॅक्टर टेकडीच्या पायथ्याशी, गोठलेल्या तळ्यावर, किनाऱ्यापासून पन्नास पावलांवर उभा सापडला.

"एकच विचारते, बाबा," मार्लीन म्हणाली. "साखळ्या लावल्या होत्यास का? लावल्या असतील तर ही चावी तुझी. नसतील लावल्या, तर ट्रॅक्टर उद्या माझ्या शेडमध्ये जाईल. तुझं अंगण साफ करायला मी माणूस लावीन."

"आणि इंपीचा रस्ता?"

"तोही तोच माणूस करेल."

अठरा हिवाळे इंपीचा रस्ता मी याच ट्रॅक्टरने साफ केलाय. पुठ्ठ्यावर कोळशाने काढावा तसा तो मला पाठ आहे. कुठे खडी वर आलीय, कुठे झऱ्याचं पाणी झिरपून बर्फाची काच होते, कुठे इंपीच्या नवऱ्याने लावलेली गुलाबाची रोपं बर्फाखाली आहेत. तो आणखी कुणी साफ करणार, हे ऐकून हातातला पाव थाळीत परत ठेवला. पण मी शांतपणे कॉफी ओतून घेतली.

"लावल्या होत्या," मी म्हणालो. "आणि झालं ते त्यामुळेच झालं."

"हा, सुरू झाली लोणकढी," रूडी म्हणाला आणि पाय लांब केले.

"बुधवारी सकाळी आठला इंपीचा फोन. घर तापवायच्या गॅसचा टँकर बाराला येणार, आणि रस्त्यावर बर्फ असेल तर ड्रायव्हर खालूनच परत फिरणार. टाकीत उरलाय एका दिवसाचा गॅस. खरं की नाही, इंपी?"

"काय?" इंपी म्हणाली.

"गॅस!"

"हो, आला की. भरून गेला."

"ऐकलंस? मी लगेच बाहेर पडलो. साखळ्या आदल्या शनिवारपासून इथेच टांगलेल्या होत्या. थंडीत शेडमध्ये ठेवल्या तर लाकडासारख्या ताठ होतात आणि बोटांची सालटी काढतात. सॉनाच्या उबेत टांगल्या की कशा ओल्या दोरीसारख्या वळतात. मी त्या खाली काढल्या..."

"गुडघे दुखत असताना?" मार्लीन म्हणाली.

"गुडघ्यांची मी समजूत घातली. साखळ्या अंगणात शिडीसारख्या पसरल्या, हुकांची तोंडं बाहेर, म्हणजे टायरला चावत नाहीत. मग चाकांवर घातल्या, ट्रॅक्टर अर्धा फेरा पुढे घेतला..."

"आधी कुठला हूक?"

"आतला. मग बाहेरचा. मग रबरी पट्ट्याचा ताण. मग दहा पावलं चालवायचं आणि खाली उतरून परत आवळायच्या, कारण पहिल्यांदा कितीही आवळल्या तरी ढिल्या पडतात. हे मला कोण विचारतंय? तुलाच मी शिकवलंय."

मार्लीनने मान हलवली. उत्तर चुकलं नव्हतं. चुकणार कसं? तिचं बोट चावीवर होतं, ते जरासं सैल झालं.

"थंडी किती होती ते रूडीला विचारा."

"उणे बावीस," रूडी म्हणाला. "आणि सुलोची गोष्ट संपेपर्यंत उणे साठ होईल."

"उणे बावीसच होती. मी खोटं कशाला बोलू? पहिल्या गिअरात, पुढची बर्फ ढकलायची बकेट खाली करून चढायला लागलो. तर मागून सात हरणं. माझ्या टायरमध्ये वजनासाठी बीटचा रस भरलाय, तो गोठत नाही. डाव्या टायरच्या तोंडाशी जरासा पाझरतो आणि हरणांना त्याची चटक लागलीय. ती चाक चाटत मागे, मी पुढे, अशी वरात निघाली. वळण आलं. आता तुम्हाला माहीतच आहे, त्या वळणावर झऱ्याचं पाणी येतं. खाली वीतभर जाडीची काच, वर दोन फूट बर्फ. गेल्या वर्षी मी घसरलो ते तिथेच, कारण तेव्हा साखळ्या नव्हत्या. या वेळी साखळ्यांनी काच अशी धरली, अशी धरली, की सोडेचनात."

"मग चांगलंच की," मार्लीन म्हणाली.

"चांगलं? अगं, पकड जास्त झाली! चाक फिरतंय, साखळी काच ओढतेय, आणि काच रस्त्यापासून सुटली. एका तुकड्यात. माथ्यापासून पायथ्यापर्यंत. सतरंजी ओढावी तसा सगळा रस्ता माझ्या चाकांखालून मागे जायला लागला. मी वर चढतोय, रस्ता खाली जातोय. इंजिनचा जोर आणि उताराचा जोर अगदी बरोबरीचा. इंपीच्या घराच्या खिडक्या समोर जिथल्या तिथे! मी वीस मिनिटं पूर्ण वेगाने चढत होतो आणि एक इंच हललो नव्हतो."

रूडीने कप खाली ठेवला. "आणि हरणं?"

"हरणं रस्त्यावर उभी होती. रस्ता गेला तशी तीही गेली. मला चाक फिरवायची घाई, आणि ती खाली चाललीत, शांत उभी राहून. त्यातली एक मादी माझ्याकडे बघत होती, बस सुटलेल्या माणसाकडे आतले लोक बघतात तशी."

मार्लीनने ओठ आवळले. हसू आलं की ती तसं करते. आईची सवय.

"मग लक्षात आलं, इंपीचं घर मोठं दिसायला लागलंय. म्हटलं, आपण चढायला लागलो. पण नाही! रस्त्याचं वरचं टोक तिच्या पायरीला गोठून चिकटलेलं. रस्त्याबरोबर घरही यायला लागलं. अकरा फूट आलं."

"अकरा? दहा नाही?" रूडी म्हणाला.

"दहा मी म्हटलं असतं तर तू म्हणाला असतास, गोल आकडा आहे, थाप आहे. इंपी! बुधवारी घर हललं का नाही तुझं?"

इंपीने शेगडीवरून नजर काढली. "कपबश्या वाजल्या होत्या," ती म्हणाली. "टँकर आला तेव्हा."

"त्याच्या आधीही वाजल्या असतील. तुला ऐकू आलं नसेल."

"असेल," इंपी म्हणाली आणि पावाचा आणखी एक तुकडा घेतला.

"साक्षीदार आहे," मी मार्लीनला म्हणालो. "तेव्हा मी विचार केला. बाईचं घर तळ्यात नेण्यापेक्षा आपण हार मानलेली बरी. क्लच दाबला. पायरीला चिकटलेलं टोक तुटलं, घर थांबलं, आणि मी रस्त्यासकट खाली. मी घसरलो नाही, हे नीट ऐक. घसरला तो रस्ता. मी फक्त रस्त्यावर होतो. रस्ता तळ्यावर जाऊन थांबला, म्हणून मीही तळ्यावर."

"आणि बरोब्बर माझ्या खोपटीच्या दाराला बकेट लावून थांबला," रूडी म्हणाला. मासे धरायला तळ्यावर खोपटी टाकून बसतो ना तो. "दार बाहेर उघडतं. मी आत. तासभर बसलो, खिडकीतून निघायचं की मरायचं या विचारात."

"मासा लागला की नाही त्या तासात?"

"लागला."

"मग? उपकार मानायचे राहिले."

"पण एक सांग," रूडी पुढे झुकला. "मी खिडकीतून निघालो आणि ट्रॅक्टरला वळसा घालून गेलो. चाकांवर साखळ्या नव्हत्या."

शेगडीत लाकूड फुटलं. मार्लीनने चावीवर परत हात ठेवला, या वेळी अख्खा तळहात.

"बाबा?"

मी घाईने बोललो नाही. घाई करणाऱ्या माणसाला लोक खोटं समजतात. मी तिच्या कपात कॉफी घातली, मग रूडीच्या.

"नव्हत्याच," मी म्हणालो. "मी काढल्या. वीस मिनिटं काच घासून साखळ्या लाल झाल्या होत्या. तळ्यावर लाल साखळ्या घेऊन उभं राहायचं म्हणजे ट्रॅक्टरसकट खाली जायचं. मी हातमोज्यांनी हूक सोडवले, साखळ्या बर्फावर ठेवल्या, आणि तुपात गरम पळी जावी तशा त्या आत गेल्या. दोन लांब भोकं पडली, त्यातून वाफ आली, आणि एक मासा वर आला."

"उकडलेला," रूडी म्हणाला.

"अर्धवट. मीठही नव्हतं. म्हणजे साखळ्या आता तळ्याच्या तळाशी आहेत. चाळीस फूट खाली. त्या नसत्या तर मी गेल्या वर्षीसारखा पहिल्याच वळणावर आडवा झालो असतो, आणि इंपीचा रस्ता साफ झाला नसता. आता मला सांग मार्लीन, रस्ता साफ झाला की नाही?"

"झाला," मार्लीन म्हणाली. "खडी दिसत होती. आज इंपीमावशीला आणायला गाडी वर नेली, चाक एकदाही घसरलं नाही."

"टँकर वर गेला?"

"गेला."

"इंपी गारठली?"

"नाही."

"मग माणूस कशाला लावतेस?"

मार्लीनच्या डोळ्यांत मला स्पष्ट दिसत होतं की हरणं, घर, मासा यातलं काहीही तिला पटलेलं नाही. पण साखळ्यांचं तसं नव्हतं. हुकांचं उत्तर बरोबर आलं होतं, टँकर वर गेला होता, आणि तळ्याच्या तळाशी जाऊन बघणं तिला शक्य नव्हतं. लबाड म्हाताऱ्याच्या दहा थापांत एक खरं असू शकतं, एवढी जागा तिने ठेवली.

"नवीन साखळ्या घ्याव्या लागतील," ती म्हणाली.

"घेऊ."

"आणि त्या आल्याशिवाय टेकडीवर जायचं नाही."

"पाऊल टाकणार नाही."

तिने एका बोटाने चावी माझ्याकडे ढकलली. टेबल खरबरीत आहे, चावी अडखळत आली. रूडीचा कप, पावाची थाळी, मग माझा कप. मी हात पुढे केला. सहाला इंपीचा टीव्हीवरचा कार्यक्रम असतो, म्हणून ती उठली आणि कोट घ्यायला दाराकडे गेली. मी म्हणालो, "बस गं, मी देतो काढून," पण माझे गुडघे उठेपर्यंत तिने वरचे दोन कोट बाजूला केले होते. काहीतरी लोखंडी खळखळलं. चावीला माझं बोट लागलं होतं.

इंपीने आपला फिकट पिवळा कोट उजेडात धरला. पाठीवर तांबड्या शिडीसारखे पट्टे उमटले होते. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही.

"सुलो," ती म्हणाली, "चाळीस फूट पाण्याखाली असलेल्या साखळ्यांनी माझ्या कोटाला गंज कसा लावला रे?"