बंद आहे

साथ सुरू झाली तेव्हा शेजारी दारातूनच ओरडले, "तुमचं काय बुवा, तुम्हाला हात धुवायची सवयच!" मूर्ख माणूस. माझा आजार हात धुण्याचा नाहीच. माझा आजार गॅसच्या बटणाचा.

प्रूफं तपासणं हा माझा धंदा. पाचव्या वाचनातही चूक सापडते हे ज्याला ठाऊक, त्याला बटण एकदा बघून कसं पटेल? बघतो, दारापर्यंत जातो, परत येतो. अकरा वेळा, बारा वेळा. हात लावून खात्री करावी, तर आपल्याच हाताने फिरलं तर नसेल ना, ही नवी शंका. डॉक्टरांनी आजाराला नाव दिलं, गोळ्या दिल्या. आमच्या हिने मात्र तिचा तोडगा काढला. स्वयंपाकघरातून नुसतं म्हणायची, "बंद आहे." की मी सुटलो. डॉक्टरांच्या मते तेही चुकीचंच होतं. असेल.

मग तिला ताप आला आणि ॲम्ब्युलन्स घेऊन गेली. सोबत मला येऊ दिलं नाही. संध्याकाळी चहा करून मी बटणापुढे तासभर उभा. शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि फोन लावला.

"बंद आहे," ती म्हणाली.

"अगं, तुला तिथून काय दिसतंय?"

"तुम्हाला पटलं की नाही?"

पटलं होतं. मग काय, दिवसातून चार-चार फोन. पाचव्या दिवशी नर्सनेच फोन घेतला. "काका, काकूंना धाप लागतेय. बोलायला लावू नका."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिचा श्वास मी बटणावर खर्च करत होतो.

त्यानंतर फोन केला नाही. विचारायची वेळच येऊ नये म्हणून गॅस पेटवलाच नाही. ब्रेड, केळी, नळाचं पाणी. तरी बटण बघायला जायचोच. घर इतकं गप्प झालं होतं की फ्रिज घुरघुरला तरी मी "हं?" म्हणायचो. बटणाचं निमित्त, खरं तर मला तिचा आवाज हवा होता.

तिसऱ्या दुपारी नर्सचा फोन आला. "काका, फोन का नाही केलात? काकू वाट बघत होत्या."

"तुम्हीच म्हणालात ना, बोलायला लावू नका?"

"आत्ताच त्यांना व्हेंटिलेटरवर घेतलंय. त्याआधी मास्क बाजूला करून म्हणाल्या, त्यांना एवढंच सांगा, बंद आहे. तुम्हाला कळलं का काही?"

"कळलं," मी म्हणालो.

स्वयंपाकघरात गेलो. गॅस पेटवला, चहा केला, बटण फिरवलं आणि मागे वळून न बघता बाहेर आलो. तिच्या शब्दावर शंका घेणं मला जमलं नसतं. फक्त हे एक "बंद आहे" किती दिवस पुरवायचं, ते तिला विचारायचं राहून गेलं.