'ग'च्या खणातला गूळ

मी खण बोलतोय. चोळीचा नव्हे हो, कपाटाचा! कोल्हापूरच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात पुस्तकांची कार्डं ठेवायचं सागवानी कपाट आहे, त्यातला मी 'ग'चा खण.

गणित, गवत, ग्रहणं... शेकडो कार्डं होती माझ्या पोटात. मग कॉम्प्युटर आला, कार्डं रद्दीत गेली. शिपाई जोतीराममामांनी माझ्यात चहाचा गूळ ठेवला. निदान 'ग' वाचून ठेवला, एवढंच समाधान! मुंग्यांशिवाय मला कुणी विचारीना. फार वाईट वाटायचं.

यंदा ग्रंथपाल राजमती मॅडमनी एआय कसं वापरावं, याचा वर्ग सुरू केला. शेवटी प्रत्येकानं सगळ्यांसमोर पाच मिनिटं बोलायचं होतं. नेसरी गावची अनुजा गुऱ्हाळावर बोलणार होती. आदल्या दिवशी तिनं एआयकडून घेतलेलं भाषण मॅडमना वाचून दाखवलं.

"गुळव्या म्हणजे गावोगाव फिरून गूळ विकणारा..."

जोतीराममामा फिस्सकन हसले. मॅडमनी विचारलं, "घरात कुणी हाय का गं गुऱ्हाळात?"

"आजा. गुळव्याच हाय की."

"मग ठावं असून असं कसं आणलंस?"

अनुजाचा चेहरा उतरला. "इतकं शुद्ध लिहिलंय मॅडम. वाटलं, आमचंच चुकत असंल."

माझ्या फळ्यांत चर्र झालं. मॅडम मात्र रागावल्या नाहीत. "लाव आज्याला फोन," म्हणाल्या.

अनुजानं ते वाक्य फोनवर वाचून दाखवलं, आणि स्पीकरवरचा केरबाआजोबांचा आवाज अख्ख्या ग्रंथालयात घुमला. "गूळ इकणारा? कोन म्हनतंय? मोठ्या काहिलीतला थेंबभर पाक पाण्यात टाकायचा, त्याची गोळी भांड्यावर टन्न वाजली की काहील उतरायची. ही येळ ज्याला कळती त्यो गुळव्या! त्या तुमच्या एआयला धाडा हिकडं, एक चटका बसला की कळंल."

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मॅडमनी मला ओढलं, गूळ काढून सगळ्यांना वाटला आणि अनुजाकडून कोरं कार्ड लिहून घेतलं: 'गुळव्या. एआयचं उत्तर: विक्रेता. चूक. बरोबर सांगणारे: केरबा, नेसरी. तपासणारी: अनुजा.'

कित्येक वर्षांनी माझ्यात कार्ड पडलं! त्या दिवशी मी इतका खूश होतो, की बंदच होईना. जोतीराममामांनी ढकलून बसवलं.

दुसऱ्या दिवशी अनुजानं कागद बाजूला ठेवून सुरुवात केली, "माझा आजा गुळव्या हाय." पुढची पाच मिनिटं कुणी मोबाईल पाहिला नाही.

आता एआयचं उत्तर तपासलं, की प्रत्येक जण कार्ड लिहितो. शेजारचे खणही भरू लागलेत. तुम्हीही या. एआयला खुशाल विचारा, पण घरचं माणूस चुकलं असं ठरवण्याआधी त्याला एक फोन लावा.

जोतीराममामांचा गूळ आता डब्यात असतो. मुंग्या मात्र अजून माझ्याकडे येतात. त्यांनाही स्वतः तपासल्याशिवाय पटत नाही.