कान उभे का पडके

“कान उभे का पडके, तेवढं आधी सांग,” मसाजी म्हणाला.

राधिकाने लॅपटॉपवरून मान वर केली. शिरड शहापूरच्या त्या ओसरीवर सकाळपासून आजोबांचा हा तिसरा प्रश्न होता, आणि चार वाजेपर्यंत पुण्याला शब्द पाठवायचे होते.

“उभे, आबा. टोकदार.”

“मंग भित्री जात असंल. पुढं बोल.”

नातीला दोन महिन्यांपूर्वी घरबसल्या काम लागलं होतं. पुण्याची एक कंपनी मोबाइलवरचा खेळ बनवत होती. त्या खेळात एल्फ नावाचे लोक होते. अंगाने सडपातळ, कानाने लांब, राहायला झाडाझुडपांत, आणि मरण लवकर येत नाही अशा नशिबाचे. त्यांची भाषा नव्याने तयार करायचं काम राधिकाकडे होतं. आज एल्फांच्या सात जातींना सात शब्द हवे होते. तिने केलेले शब्द कंपनीतल्या शिला मॅडमनी तीनदा परत पाठवले होते. ते खोकल्याच्या औषधांसारखे वाटतात, असं त्यांचं म्हणणं.

मसाजीचं भांडण शब्दांशी नव्हतं, जातींशी होतं. रानातले एल्फ, बर्फातले एल्फ, चंद्रावरचे एल्फ. ही काय वाटणी झाली? मेंढरू आज माळावर असतं, उद्या नदीकाठी, म्हणून काय त्याची जात रोज बदलते? यांच्यात पुढं चालणारा कोण, मागं रेंगाळणारा कोण, पावसाआधी कान कोणाचे टवकारतात, याचा त्या बाईला पत्ता नव्हता. एवढे लोक पाळायला घेतले आणि एकाचाही स्वभाव ठाऊक नाही. मसाजीला असल्या कारभाराचा मनस्वी वैताग होता.

भाषा बनवण्याच्या कामात तो नवखाही नव्हता. चाळीस वर्षं मेंढरांमागे एकट्याने हिंडताना त्याने स्वतःपुरती एक भाषा करून घेतली होती. कळपापासून चार हात बाजूलाच चरते ती झुरंग. न सांगता पुढे होते ती हिंबा. ढग दिसायच्या आधी थबकते ती कुरतोळ. गावात हे शब्द कोणालाच येत नव्हते. बायकोला, सिंधूबाईला, येत होते, पण तिचा त्यांच्यावर जुना राग होता.

“मेंढरासंगं दिवसभर बोलायचा,” ती आतून म्हणाली. “घरी आला की माझ्यासंगं चार शब्द. त्यातला एक मीठ.”

दिवाळीनंतर गुडघ्यांनी साथ सोडली, मेंढरं विकून टाकली, आणि शब्द तेवढे घरी राहिले. त्या शब्दांनी हाक मारावी असं आता कोणी उरलं नव्हतं.

वैतागाच्या भरात त्याने झुरंग देऊन टाकला. राधिकाने तो चंद्रावरच्या एल्फांना लावून पाठवला. दहा मिनिटांत मॅडमचं उत्तर आलं, टाळ्यांच्या चित्रांसकट: आणखी असेच हवेत. मग मसाजी सांगत गेला, नात लिहीत गेली. खेळ लाखभर लोक तरी खेळतील, असं तिने सांगितलं. लाखभर लोक झुरंगाला झुरंग म्हणणार, या विचाराने जेवताना तो दोनदा हसला. सिंधूबाईने त्याला ताप तर नाही ना, म्हणून विचारलं.

तीन वाजता यादी परत आली. सहा शब्द बरोबर होते. सातवी जात दगाबाज एल्फांची होती, लोकांची पोरं पळवणारी. खेळणाऱ्याने असा एल्फ दिसताक्षणी मारून टाकायचा. तिला मॅडमनी यादीतला ‘मव्हळ’ लावला होता. ऐकायला जड वाटतो, म्हणे.

मसाजीने फोन मागून घेतला. मॅडम स्वभावाने गोड होत्या. त्यांनी शांतपणे समजावलं की ही काल्पनिक भाषा आहे, तेव्हा अर्थ आपण देऊ तो.

“द्या की,” मसाजी म्हणाला. “झुरंगाला चंद्रावर धाडलं, मी काई बोललो न्हाई. पण मव्हळ कोणाचं लेकरू पळवत न्हाई, बाई. तिचंच गेलेलं असतं.”

मग मॅडमनी विचारलं, चारपर्यंत दुसरा शब्द मिळेल का. नाही तर हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं लागेल. राधिकाचं तोंड एवढंसं झालं.

“खुडक्या घ्या,” मसाजी म्हणाला. “येतो तवा लई गोड बोलतो, अन् जाताना मागं वळून बघत न्हाई.”

खुडक्या मॅडमना फारच आवडला. दिवाळीनंतर मेंढरं गाडीत भरून नेणाऱ्या व्यापाऱ्यासाठी मसाजीने तो केला होता, हे त्यांना सांगायची गरज कोणाला वाटली नाही. आत सिंधूबाई खोकली, इतकंच.

काम वाचलं होतं. राधिकाने फोन खाली ठेवला आणि विचारलं, मव्हळ म्हणजे नेमकी कोणती.

“कोकरू मेलं तिथून जी हलत न्हाई ती. चरत न्हाई, पाणी पीत न्हाई.”

“मग कळप थांबतो?”

“कळपाला कसं थांबता येईल? तो जातो पुढं. एक माणूस तिच्यापाशी ऱ्हातो.”

“काहून? ओढून न्यायची.”

“नेऊन पाह्यलं. ती परत तिथंच जाते. दोन दिवसांनी आपणहून गवताला तोंड लावते, मंग निघायचं.”

“दोन दिवस तुमी काय करायचा, आबा?”

“हाक मारायचो,” मसाजी म्हणाला.

राधिकाने आपल्या यादीतला तो शब्द पुसला, आणि दुसऱ्या कोणाला लागू नये म्हणून तिकडच्या यादीतूनही काढावा असं मॅडमना लिहिलं. मसाजी गुडघा धरून उठला आणि पडद्यावर वाकला. त्याला वाचता येत नव्हतं. पण कुठली जागा रिकामी झाली, ते त्याला बरोबर दिसलं.