उदाहरण घरातलंच हवं

आमच्या घरी जेवणाबरोबर इंग्रजीही वाढलं जाई. बाबा इंग्रजीचे मास्तर. रोज कुणीतरी सारख्या वाटणाऱ्या दोन शब्दांची चिठ्ठी डब्यात टाकायची. धाकटीने ती वाचून फरक सांगायचा, ती अडली तर मी. प्रत्येक शब्दाला उदाहरण हवं, तेही घरातलंच. जी हरेल तिने भांडी घासायची.

भांडी माझ्याच पाचवीला पुजलेली. धाकटी कधी अडायचीच नाही, आणि न अडणाऱ्यापुढे दुसरी हरलेलीच. बाबा खूश होऊन मान डोलवत.

धाकटीला ठाऊक नव्हतं ते मला ठाऊक होतं. टॉवेलात गुंडाळून तिला घरी आणलं तेव्हा मी सात वर्षांची होते. "तिला कधी कळलं तर याद राख," आईने बजावलं होतं. अठरा वर्षं मी तोंडाला कुलूप लावलं, आणि भांडी घासत राहिले. मला तिचा राग यायचा. खरं सांगायचं तर हेवाच.

परवा बाबा म्हणाले, "एकाच घरातल्या दोघी, मग हिची अक्कल तुझ्यात कशी नाही उतरली?"

काल चिठ्ठी मी टाकली.

"अडॅप्ट आणि अडॉप्ट," धाकटीने वाचलं. "सोप्पंय! अडॅप्ट म्हणजे जुळवून घेणं. आईने बाबांच्या रागाशी घेतलंय तसं." ती एकटीच हसली. "अडॉप्ट म्हणजे दुसऱ्याचं मूल आपलं म्हणून वाढवणं. पण बाबा, आपल्याकडे असं कुणी आहेच कुठे?"

बाबांचा घास हातातच राहिला. "राहू दे. आज उदाहरण नको."

"वा! नियम म्हणजे नियम," मी म्हणाले. "ती अडली. आता माझी पाळी."

"पाया पडते गं तुझ्या," आई म्हणाली.

मी धाकटीकडे बोट केलं. "उदाहरण, तू."

तिने आईकडे पाहिलं, मग बाबांकडे. बाबा ताटाकडे बघत होते. या घरात पहिल्यांदाच माझी पाळी आली होती, आणि माझं उत्तर चूक आहे असं कुणी म्हणालं नाही. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

धाकटी उठली. एकेकाचं ताट उचलत, आईचा हात बाजूला सारत, ती नळाकडे गेली.

"कढई राहिली," मी म्हणाले.