तिच्या नावाची बाटली

…बूच. पत्र्याचं, कडेला दाते असलेलं, आणि नेमकं सुपात. मागच्या रविवारी यांनी बाटली उघडली तेव्हा उडून इथवर आलं असणार… रंभाबाईंनी ते चिमटीत धरून नाकाशी नेलं. आंबूस, जळका वास अजून येत होता. आणि या वासाला म्हणे आपलं नाव! सरकारदरबारी तशी नोंदच आहे — रंभाबाई मानसिंग अमुक-अमुक, हिला प्रकृतीसाठी मद्याची गरज आहे. गरज! तळपायाची आग मस्तकात गेली त्यांच्या, आणि तव्यावरचे शेंगदाणे करपायला आले.

बाहेरच्या खोलीत त्यांचा रविवार चालला होता. त्यांचा म्हणजे नवऱ्याचा आणि नवऱ्याच्या जिवलग दोस्ताचा, महिपतरावांचा. मानसिंगराव गिरणीच्या विक्री खात्यात. चादरींच्या गठ्ठ्यांमागे बंगलोर-मुंबई हिंडायचे, आणि तिकडे कुणा साहेबाकडून ही खोड उचलून आले होते, की बियर नुसती प्यायची नाही, तिची परीक्षा घ्यायची. ओल्या गोणपाटात गुंडाळून बाटल्या घंगाळात ठेवायच्या, पेला उजेडाला धरायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा, मध्ये पाण्यानं चूळ भरायची, आणि दहापैकी गुण खडूनं दाराच्या फळीवर मांडायचे. आमटीत मीठ नाही हे ज्यांना जन्मात कळलं नाही, ते बियरमध्ये कॉफीची चव शोधत बसतात! बसा बापडे. पण कुणाच्या नावावर?

दारूबंदीमुळं बाटल्या परमिटावर मोजूनच मिळायच्या, आणि मानसिंगरावांच्या स्वतःच्या परमिटावरचा वाटा महिना अर्धा व्हायच्या आत आटायचा. म्हणून दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी बायकोच्या नावानं दुसरं परमिट. आधी डॉक्टरपुढं बसवलं, मग कचेरीत नेलं. रोज लागते का, असं तिथल्या साहेबानं विचारलं, आणि वर मान न करता मी ‘व्हय’ म्हणाले — मी, जिनं खोकल्याचं औषधसुद्धा नाक दाबून घेतलं… यांनी वाटेतच पढवून ठेवलं होतं, नुसतं व्हय म्हण, कागदाला काय होतंय. कागदाला काही झालं नाही. दारातल्या शिपायानं मात्र नखशिखांत न्याहाळलं होतं, आणि ती नजर अजून पदराला चिकटून आहे, कितीही धुवा.

आणि आता त्या कागदापायी थोरल्या पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडलं. मुलगा अकलूजचा, डेअरीत कामाला, शांत. थोरलीला मनापासून आवडलेला. महिपतराव त्याचे सख्खे मामा, म्हणजे त्याच्या आईचे, आक्कांचे, भाऊ. स्थळ त्यांनीच आणलं, आणि गुरुवारी नकारही त्यांनीच आणला. आक्काच्या कानावर गेलंय, पोरीची आई परमिटवाली हाय, आक्का न्हाय म्हणती… खाली मान घालून सांगितलं, चहा घेतला, गेले. या माणसाला ठाऊक नव्हतं बाटली कुणाच्या घशात जाते? अहो, निम्मी याच्याच तर घशात जाते! बहिणीपुढं काय तोंडात गुळणी धरली होती? आणि आज तोच गडी मांडी घालून माझ्याच नावाची बियर घोळवतोय, आणि आत माझी पोर भिंतीकडं तोंड करून पडली आहे. गुरुवारपासून धड जेवली नाही.

सकाळी अंघोळीचं पाणी काढताना रंभाबाईंनी नवऱ्याला एवढंच सांगितलं होतं, की आज महिपतराव आले की एक वाक्य बोला. ती पीत नाही, सगळं माझं आहे, असं. म्हणजे आक्कांना खरं न सांगता राहायची त्यांना लाज तरी वाटेल. बघू, म्हणाले. मग टॉवेलात तोंड खुपसून पुटपुटले, की बायकोच्या परमिटावर पितो हे बाहेर फुटलं तर गिरणीत तोंड दाखवायला जागा राहायची नाही. यांच्या तोंडाला जागा हवी. पोरीच्या जन्माला नको.

आता शेंगदाण्यांची सालं पाखडताना कान तिकडंच होते. पहिली बाटली विलायती, फिकट आणि कडू. गोऱ्यांच्या वेळी जहाजानं हिंदुस्थानात यायची, लांबच्या वाटेत टिकावी म्हणून कडू करायचे, असं मानसिंगराव समजावत होते. केवढं ते ज्ञान! महिपतरावांनी सहा गुण दिले. मग दुसरी, काळ्या बियरची, उघडल्याचा आवाज आला, आणि नंतर दोघंही गप्प. बोलतील… आता बोलतील, ओठांवर आलं असेल, उगीच नाही थांबले — रंभाबाईंचे हात सुपावर थांबले.

“फेस बघ,” मानसिंगराव म्हणाले. “साय हाय नुसती.”

शेंगदाण्यांची ताटली घेऊन त्या बाहेर गेल्या. ठेवून परतायचं, नेहमीसारखं. पण महिपतरावांना गंमत सुचली.

“वैनी, तुमच्याच नावाची हाय की ही. तुमी किती गुण देताय?”

आणि मानसिंगराव हसले. थोडंसंच, पण हसले.

रंभाबाईंनी ताटली ठेवली, खुर्ची ओढली, बसल्या, आणि नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेऊन तोंडाला लावला. आधी फेस, मग भाकरीचा करपलेला पापुद्रा, काकवीच्या कढईच्या तळाची खरवड, आणि शेवटी जिभेच्या मुळाशी काहीतरी कडू, जे गेलं असं वाटून परत यायचं. ओकारी येईल असं वाटलं होतं. आली नाही. चांगली लागली, आणि त्याचाच त्यांना जास्त राग आला.

“आता आक्कांना सांगा,” त्या महिपतरावांना म्हणाल्या. “डोळ्यांनी बघितलं म्हणावं.”

महिपतरावांनी आपला पेला हळूच खाली ठेवला. आणि तेव्हा, घसा खाकरून, मानसिंगराव बोलले. “आरं, ती पीत न्हाय रं. सगळं माझंच हाय.”

सकाळी मागितलं होतं तसंच. एक शब्द कमी नाही. आणि रंभाबाईंच्या वरच्या ओठावर फेस होता. इतका वेळ ज्या वाक्यावर जीव टांगून ठेवला होता ते शेवटी आलं, आणि ते खोटं होतं.

आतल्या दारात थोरली उभी होती. केव्हा उठली कोण जाणे. आईकडं बघत होती — आईकडं की पेल्याकडं, ते कळेना. ठेवावा खाली, असं रंभाबाईंना वाटलं. पोरीचं आपणच आता वाटोळं केलं की काय… पण हात खाली जाईना. राग गेला नव्हता. इतके दिवस तो कुणीतरी काहीतरी बोलेल म्हणून ताटकळत उभा होता; आता तो त्यांच्याजवळ येऊन बसला होता.

महिपतराव दाराच्या फळीकडं बघत होते. काळीचे गुण मांडायचे राहिले होते. द्यायचे तर आधी चव नीट कळायला हवी, असं रंभाबाईंच्या मनात आलं, आणि त्यांनी दुसरा घोट घेतला. तो बराच वेळ त्यांच्या तोंडातच होता.